लाल डोळ्यामागचा उपदंश

चाळिशीतला एखादा गृहस्थ नेत्रतज्ज्ञांकडे येतो. डोळा लाल, उजेड सहन होत नाही, आठवडाभरात धूसर दिसू लागलेले. तपासणीत डोळ्याच्या आत दाह आढळतो. वैद्यकीय भाषेत ‘युव्हिआयटिस’. स्टेरॉइडचे थेंब सुरू होतात, लाली उतरते आणि महिन्याभरात दुखणे परत येते. अशा वेळी आपल्याकडे आधी क्षयाची शंका घेतात, ते रास्तच आहे. उपदंशाची, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘गरमी’ची, रक्तचाचणी मात्र अनेकदा राहून जाते.

ती राहते संकोचामुळे. डोळा दाखवायला आलेल्या माणसाला, शेजारी पत्नी बसलेली असताना, लैंगिक आजाराबद्दल विचारायचे कसे? त्यापेक्षा युव्हिआयटिसच्या प्रत्येक रुग्णाची ही चाचणी सरसकट करावी. सगळ्यांचीच होते म्हटल्यावर कुणाकडे बोट दाखवल्यासारखे होत नाही. गरोदर महिलांची ती नेमाने केली जातेच, तिथे कुणी भुवया उंचावत नाही.

उपदंश कोणत्याही टप्प्यावर डोळ्यात उतरू शकतो, जननेंद्रियावरचा न दुखणारा व्रण केव्हाच भरून गेल्यावरही. जुन्या आजारात ‘व्हीडीआरएल’ चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून जोडीला ‘टीपीएचए’सारखी चाचणी हवी.

निदान झाले की ‘गुप्तरोग विभागात दाखवा’ अशी चिठ्ठी लिहून नेत्रतज्ज्ञ मोकळे होतात. खरी गडबड इथेच होते. डोळ्यातला उपदंश मज्जासंस्थेच्या उपदंशासारखाच हाताळावा लागतो. कमरेत द्यायचे पेनिसिलिनचे इंजेक्शन त्याला पुरत नाही. १० ते १४ दिवस शिरेतून पेनिसिलिन द्यावे लागते आणि त्यासाठी बहुधा रुग्णालयात राहावे लागते. चिठ्ठीत ‘डोळा बाधित’ हे दोन शब्द नसले, तर रुग्ण नेहमीचे इंजेक्शन घेऊन घरी जाण्याची भीती असते. पेनिसिलिनविना नुसते स्टेरॉइड चालू ठेवणे तर आणखी घातक. एचआयव्हीची चाचणी आणि जोडीदाराची तपासणीही लागतेच. सरकारी रुग्णालयांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लैंगिक आजारांची तपासणी व उपचार मोफत होतात.

उपचार वेळेत झाले तर दृष्टी बऱ्याचदा परत येते. दृष्टीची नस एकदा सुकली की ती परत आणता येत नाही. म्हणून पेनिसिलिन कुठल्याही विभागात दिले जावो, मधल्या काळात आणि नंतरही डोळा वरचेवर पाहायचा तो नेत्रतज्ज्ञांनीच. पुढच्या तारखेला रुग्ण आला नाही, तर त्याला फोन करण्याची जबाबदारीही त्यांच्याच विभागाने घ्यायला हवी.