मंद्र सुरांची तबकडी
‘अर्थ’ हा अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला प्रायोगिक हेवी रॉक बँड. गिटारवादक डिलन कार्लसन आणि बेसवादक डेव्ह हारवेल या जोडीचा ‘अर्थ २’ हा अल्बम सिॲटलच्या ‘सब पॉप’ने १९९३ मध्ये काढला. सुमारे ७३ मिनिटांत तीनच रचना. गायन नाही, ड्रम्सचा ठेका जवळजवळ नाही. खाली उतरवलेल्या तारांचा एकेक आघात ॲम्प्लिफायरमधून तंबोऱ्यासारखा घुमत राहतो आणि विरण्याआधी पुढचा त्यात मिसळतो. हे संगीत एका सीडीवर मावले. पुढे ते विनाइलवर पुनर्प्रकाशित करताना मात्र माध्यमाच्या मर्यादा आड आल्या. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटे उत्तम वाजते. यातली शेवटची रचना एकटीच तीस मिनिटांची आहे. शिवाय खर्जाचा सूर खाचेला आडवे रुंद वळण देतो, त्यामुळे जागा जास्त लागते. म्हणून तबकडी कोरताना खर्ज ठरावीक प्रमाणात दाबतात आणि वाजवताना प्रीॲम्प तो पूर्ववत करतो. तरीही बाजू लांबली की खाचा जवळ आणाव्या लागतात, आवाजाची पातळी उतरते आणि पृष्ठभागाची खरखर जाणवते. दोन तबकड्यांचा संच हा त्यावरचा उपाय. एवढा खटाटोप सार्थच आहे, कारण ‘ड्रोन मेटल’ या शैलीचा पाया याच अल्बमने घातला आणि ‘सन’सारखी पुढची जोडीही त्याच्याच प्रेरणेतून उभी राहिली.