कोंबडबाजार आणि ‘एक्स्चेंज’

तेंदूपानाचा हंगाम आणि आयपीएलचा हंगाम एकाच वेळी येतात, ही गोष्ट गडचिरोलीबाहेरच्या वाचकाला क्षुल्लक वाटेल. एप्रिल-मे महिन्यांत पहाटे अंधारात जंगलात जावयाचे, दुपारी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधावयाचे आणि ऊन उतरल्यावर फळीवर मोजून द्यावयाचे. आमच्या पूर्वेकडील गावांतील असंख्य कुटुंबांच्या हाती रोख पैसा एकगठ्ठा पडतो तो याच दिवसांत. याच दिवसांत रोज रात्री एक सामना असतो, आणि त्यावर पैसा लावण्यासाठी आता कोणत्याही अड्ड्यावर जावे लागत नाही. एजंटाकडून मोबाइलवर ‘आयडी’ मिळतो, तेवढा पुरतो.

या विषयावर लिहिण्यास प्रवृत्त केले ते आपल्याच एका तरुण कार्यकर्त्याने. तो मला म्हणाला, “सर, हा जुगार नाही, ट्रेडिंग आहे. शेअरबाजारासारखं.” आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेला माणूस या शब्दाने निरुत्तर होईल अशी त्याची अपेक्षा असावी. त्याचा युक्तिवाद टाकाऊ नाही, म्हणूनच तो तपासला पाहिजे.

जुन्या पद्धतीत बुकी स्वतः भाव देतो आणि पैज स्वतः स्वीकारतो. एक्स्चेंजमध्ये पैज लावणारे दोन पक्ष एकमेकांसमोर आणले जातात. आपल्याकडील सट्टेबाजांच्या भाषेत एकाची ‘लगाई’, दुसऱ्याची ‘खाई’. मालक जिंकणाऱ्याकडून फक्त दलाली घेतो. लंडनमध्ये २००० साली बेटफेअरने ही पद्धत रूढ केली. समजा, एका संघाचा भाव २.५० असताना कोणी हजार रुपये लावले. संघ जिंकल्यास दीड हजारांचा नफा, हरल्यास हजारांचा तोटा. पहिल्या सहा षटकांत संघाने चांगल्या धावा काढल्या, भाव २.०० वर आला. त्या क्षणी त्याने त्याच संघाविरुद्ध साडेबाराशेची पैज ‘खाल्ली’ की, कोणीही जिंको, दलाली वजा जाता अडीचशे रुपये त्याचे. सामना संपण्यापूर्वीच तो सुटला. याला तो तरुण ट्रेडिंग म्हणतो, आणि गणित म्हणून ते बिनचूक आहे.

परंतु हे अडीचशे रुपये आले कोठून? जो २.५० ला समोर उभा होता आणि ज्याने २.०० ला लावले, त्यांच्या खिशातून. या सर्व व्यवहारात धानाची एक लोंबी पिकली नाही, कोळशाची एक टोपली वर आली नाही. सर्व खेळाडूंच्या नफ्यातोट्याची बेरीज शून्य, आणि मालकाची दलाली वजा केली की शून्याहून कमी. शेअरबाजाराविषयी माझे मत फारसे बरे नाही. सेबीच्याच २०२४ च्या अभ्यासानुसार फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांनी तीन वर्षांत पैसा गमावला. तरीही तेथे कागदाच्या मागे कोठेतरी एखादा कारखाना उभा असतो. येथे कागदाच्या मागे पुढचा चेंडू आहे.

मग ‘कौशल्या’चे काय? बेटफेअरने २००८ मध्ये सातत्याने जिंकणाऱ्यांवर एक जादा आकार बसविला आणि २०११ मध्ये त्यांतील काहींसाठी तो नफ्याच्या ६० टक्क्यांपर्यंत नेला. ज्या पेठेत मालकालाच जिंकणाऱ्यांवर दंड बसवावा लागतो, ती पेठ हरणाऱ्यांच्या जिवावर चालते हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी नको. शिवाय दूरदर्शनच्या पडद्यावर दिसणारा चेंडू मैदानावर काही सेकंदांपूर्वीच पडून गेलेला असतो. मैदानात बसलेल्याला आणि वेगवान यंत्रणा बाळगणाऱ्याला तो आधी कळतो. एटापल्ली-भामरागडकडे, जेथे मोबाइलवरील रेघ कधी एक तर कधी शून्य असते, तेथील मुलाला तो सर्वांत शेवटी कळणार. तो ‘ट्रेडर’ नसून इतरांच्या ट्रेडिंगचा कच्चा माल आहे.

आणि आपल्याकडे जे चालते ते एवढेही सरळ नाही. आयडी देणारा एजंट, त्याच्यावर त्याचा वरचा, त्याच्यावर आणखी कोणी. पैसा जातो तो भाड्याने घेतलेल्या बँक खात्यांत. समोर खरोखर दुसरा खेळाडू आहे की मालकच आहे, हे पाहण्याची सोय नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमान्वये पैजेचा करार निरर्थक असल्याने जिंकलेली रक्कम न्यायालयातही मागता येत नाही. जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने अशा खेळात ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार केली, तेव्हा पोलिसांचा छापा पडला तो गोंदियात, म्हणजे आपल्या वडसा-नागभीड-मूलमार्गे बल्लारपूरकडे येणाऱ्या रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने बंद केलेल्या २२ ॲप व संकेतस्थळांत महादेव ॲप होते. त्याची पाळेमुळे शेजारच्या छत्तीसगडातील भिलाईत. व्यापाऱ्याची तक्रार वर्तमानपत्रात येते. फळीवरच्या मजुराची येत नाही, कारण त्याने घालविलेल्या रकमेत बातमी होत नाही, फक्त शाळेची फी होते.

जुगाराने बाजाराचे कपडे घालणे ही काही नवी गोष्ट नाही. मुंबईतील आकड्यांचा सट्टा मुळात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या उघडत्या व बंद भावांवर चाले. १९६१ च्या सुमारास ते भाव येणे थांबल्यावर मटका आला आणि गिरणगावच्या पगारावर पोसला गेला. वरोरा-राजुऱ्याच्या कापूस पिकविणाऱ्याला याहून कडवट विनोद सांगता येणार नाही.

आता कायद्याकडे पाहू. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आमच्या जिल्ह्यांत लोकांना ठाऊक आहे तो मुख्यतः कोंबडबाजारामुळे. पायाला काती बांधून कोंबडे झुंजविले जातात, पोलीस जंगलात धाड घालतात, माणसांसह कोंबडेही ठाण्यात येतात. कोंबडबाजाराचे समर्थन मी करीत नाही. त्यातही मजुरी बुडते आणि प्राण्याचे हाल होतात. परंतु करार कायद्याच्या त्याच ३० व्या कलमात एक अपवाद आहे: ५०० रुपये वा अधिक बक्षिसाची घोड्यांची शर्यत. त्या काळी ५०० रुपये ही कोणाच्या घरातील रक्कम होती? महालक्ष्मीच्या मैदानावर पैज लावणारा आजही सभ्य गृहस्थ आहे. घोड्याला सूट, कोंबड्याला कोठडी. आणि एक्स्चेंजच्या मालकाला तर दुबईत किंवा एखाद्या दूरच्या बेटावर बसून ठाणेच दिसत नाही.

‘नियमन करा, कर लावा’ म्हणणाऱ्या उदारमतवाद्यांनी अलीकडचा इतिहास पाहावा. १ ऑक्टोबर २०२३ पासून सरकारने ऑनलाइन पैशांच्या खेळांत लावलेल्या संपूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी बसविला. म्हणजे हरणाऱ्याच्या ताटातील वाटा राज्यसंस्थेने अधिकृतपणे मागून घेतला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यांसाठीच्या बँक व्यवहारांवर बंदी घालणारा कायदा केला. त्या वेळी सरकारनेच दिलेला अंदाज होता की ४५ कोटी लोक दरवर्षी सुमारे वीस हजार कोटी रुपये गमावतात. कायद्याचे स्वागत केले पाहिजे. पण व्हॉट्सॲपवरून आयडी देणाऱ्याला परवाना कधीच नव्हता. त्याला बंदीची भीती ती काय? चंद्रपूरकरांना हे वेगळे सांगावयास नको. २०१५ ची दारूबंदी सरकारने दिली आणि २०२१ मध्ये सरकारनेच काढली.

आपल्यातील काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात की हा वैयक्तिक व्यसनाचा विषय आहे. त्यासाठी कीर्तनकार आहेत, पक्षाने वर्गलढा सांभाळावा. मला हे मान्य नाही. पुड्याचा दर दहा रुपयांनी वाढावा म्हणून आपण तालुक्याला मोर्चा नेतो, आणि वाढलेला दर दोन षटकांत एजंटाकडे जातो तेव्हा ती मजुरीची कपात नव्हे काय? वेकोलिच्या खाणीतील कंत्राटी कामगाराचे किमान वेतन आपण मागतो. पगाराच्या आठवड्यात त्याच्या मोबाइलवर कोणाचा संदेश येतो, हे युनियनला ठाऊक असू नये?

पेसाखाली अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात. ठरावात दराबरोबरच असेही लिहिता येईल की पुड्यांचे पैसे तोडणाऱ्या स्त्रीच्याच खात्यात जातील. गावातील कोण आयडी देतो हे गावाला माहीत असते. ते नाव ग्रामसभेत उघड घेण्याचे धैर्य आपल्या कार्यकर्त्याने दाखवावे आणि आपले बँक खाते भाड्याने देणाऱ्या मुलाला त्यातील फौजदारी धोका आधी समजावून सांगावा. खाणींच्या युनियनांनी पगाराच्या दिवशीच्या द्वारसभेत याच उदाहरणाचे गणित फळ्यावर मांडावे. तो तरुण कार्यकर्ता ते मांडण्यास तयार आहे, दलालीच्या रकान्यासह. तेंदूच्या बैठका मार्चमध्ये सुरू होतात, आणि आयपीएलचा पहिला सामनाही बहुधा मार्चअखेरीसच होतो. जिल्हा समितीने हा विषय फेब्रुवारीच्या पत्रिकेवर घ्यावा.