राज्य गेले, छत्र राहिले

तंजावरहून पट्टुक्कोट्टैकडे जाताना वाटेत ओरत्तनाडु हे गाव लागते. तेथे दुसऱ्या सरफोजीराजांनी उभारलेले एक जुने छत्र आहे. छत्र म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा व अन्नसत्र. त्यास नाव मुक्तांबाळ हिचे. ती राजांची विवाहित राणी नव्हती, तरी नाव राहिले ते तिचेच.

माणसास स्वतंत्र केव्हा म्हणावे, हा प्रश्न निघाला की मला हे छत्र आठवते. १७९९च्या तहाने सरफोजींनी मुलखाचा कारभार इंग्रज कंपनीच्या स्वाधीन केला. हाती उरला तंजावरचा किल्ला, भोवतालचा थोडा परिसर, सालिना एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. नावाचे राजेपण! अशा माणसाने मागावे तरी काय? १८०१ साली रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांस लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळकळीने कैवार घेतला तो छत्रांचा. या दानधर्मास बाध येऊ नये, एवढेच त्यांना हवे होते.

त्या पत्रातील तपशील मुळातून पाहावा असा आहे. ब्राह्मणापासून परयापर्यंत, जोगी, जंगम, फकीर, सर्वांस भात मिळे. शिजलेले न चालणाऱ्यास कोरडा शिधा. आजाऱ्यास वैद्य, तान्ह्या मुलास दूध, गर्भिणीच्या बाळंतपणाचा खर्च छत्राकडे. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी असल्यास यावे, असा पुकारा होई.

रामेश्वरास पायी निघालेल्या निर्धनास कोणी अडविले नाही, एवढ्याने तो जावयास मोकळा होत नाही. वाटेत भाकरी नसेल तर पाय थांबतातच. त्या घंटेने त्याला चालण्याची मोकळीक दिली, आणि सत्ता गमावलेल्या राजाला देण्याची. जातीपातीचे बंध मात्र छत्रानेही तोडले नाहीत. मृतांचे अंत्यविधी ज्याच्या त्याच्या जातीप्रमाणेच होत.

आणखी एक गोष्ट मनास टोचते. हा भात पिकविणारा कोण? कावेरीच्या या सुपीक खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या जमीनदाराच्या शेतास बांधलेले पण्णैयाळ शेतमजूर होते. छत्राच्या पंक्तीत बसण्यास त्यांना मनाई नव्हती. मालकाचे शेत सोडून रामेश्वरास निघण्याची मुभा कितीजणांना होती? मालकाने त्यांना मन मानेल तसे काढून टाकू नये, असा कायदा तंजावर जिल्ह्यात झाला तो १९५२ साली.