गुडघा टेकला, पण नियम कुठला मोडला?

मी अमेरिकन फुटबॉल बघतो. हे सांगितलं की दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, ‘चेंडू हातात धरून पळतात, त्याला फुटबॉल कसं म्हणायचं?’ याचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसरा, ‘त्या खेळात हल्ली फार राजकारण शिरलंय ना?’ याचं उत्तर मात्र आहे.

आधी खेळाबद्दल थोडं. एनएफएल म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग. ३२ संघ, सप्टेंबर ते फेब्रुवारी असा हंगाम आणि शेवटी सुपर बोल. रविवारचे सामने आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराला सुरू होतात, त्यामुळे सोमवारी सकाळच्या मीटिंगला माझे डोळे लाल का असतात हे टीममध्ये सगळ्यांना माहीत आहे. मला हा खेळ आवडतो तो डावपेचांसाठी. प्रत्येक चाल आधी कागदावर आखलेली, अकरा जणांना अकरा कामं वाटून दिलेली, आणि समोरच्याने चाल ओळखली तर ऐनवेळी सगळं बदलायचं. सॉफ्टवेअरवाल्याला आणखी काय हवं?

आता ‘राजकारण शिरलंय’ या वाक्याकडे वळू. यात असं गृहीत धरलंय की एके काळी हा खेळ धुतल्या तांदळासारखा होता आणि कुणा खेळाडूने तो मळवला. २०१५ साली जॉन मॅकेन आणि जेफ फ्लेक या दोन रिपब्लिकन सिनेटरांनी एक अहवाल काढला. सैनिकांचा सत्कार, मैदानभर पसरलेला झेंडा, असे जे कार्यक्रम सामन्याच्या वेळी होतात, त्यातल्या काहींसाठी संरक्षण खातं व्यावसायिक संघांना पैसे देत होतं. २०१२ पासूनचा असा खर्च त्यांनी सुमारे ६८ लाख डॉलर काढला. लोक डोळे पुसत टाळ्या वाजवत होते आणि बिल सरकारकडे जात होतं. पुढच्या वर्षी एनएफएलने ७ लाखांहून अधिक डॉलर परत केले.

स्टेडियमचंही तसंच. बफेलो बिल्स या संघाच्या नव्या स्टेडियमसाठी न्यूयॉर्क राज्य आणि ईरी काउंटी यांनी मिळून ८५ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. हा करदात्यांचा पैसा, आणि संघ अब्जाधीशांचा. याला कुणी ‘खेळात राजकारण’ म्हणत नाही.

डोनाल्ड ट्रम्प यांचंही या लीगशी जुनं नातं आहे. १९८३ मध्ये त्यांनी प्रतिस्पर्धी लीगमधला न्यू जर्सी जनरल्स हा संघ घेतला. त्या लीगने एनएफएलवर मक्तेदारीचा खटला भरला. १९८६ मध्ये ज्यूरीने एनएफएलला दोषी धरलं आणि नुकसानभरपाई दिली एक डॉलर. कायद्याने ती तिप्पट होते, म्हणून तीन डॉलर. ती लीग बुडाली. २०१४ मध्ये ट्रम्प यांनी बिल्स विकत घ्यायचा प्रयत्न केला, पण संघ दुसऱ्यांनी १४० कोटी डॉलरला नेला. खेळाडूंवर ट्रम्प यांचा राग पुढे का उसळला, हे समजून घेताना हा हिशेब मी विसरत नाही.

आता कॉलिन केपर्निक. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा क्वार्टरबॅक, २०१३ च्या सुपर बोलमध्ये संघाला घेऊन गेलेला. ऑगस्ट २०१६ मध्ये सराव सामन्यांच्या वेळी राष्ट्रगीत सुरू असताना तो बाकावर बसून राहिला. कृष्णवर्णीयांवरचा अन्याय आणि पोलिसांचा अत्याचार हे कारण त्याने उघडपणे सांगितलं. नेट बोयर या माजी सैनिकाने त्याला भेटून सुचवलं की बसण्याऐवजी गुडघा टेक, सैनिक शहीद साथीदाराच्या कबरीपुढे टेकतात तसा. केपर्निकने ते ऐकलं. १ सप्टेंबरला सॅन डिएगोत त्याने एक गुडघा टेकला, बाजूला संघातला एरिक रीडही होता. ज्याला देशाचा अपमान म्हटलं गेलं, ती कृती एका सैनिकाच्या सल्ल्याने ठरली होती.

त्या हंगामात त्याने १६ टचडाउन पास फेकले, फक्त ४ वेळा चेंडू विरोधकांच्या हाती दिला. संघ मात्र सोळापैकी दोनच सामने जिंकला. मार्च २०१७ मध्ये तो करारातून बाहेर पडला आणि त्यानंतर ३२ पैकी एकाही संघाने त्याला घेतलं नाही. सप्टेंबरमध्ये ट्रम्प यांनी अलाबामातल्या सभेत, गुडघा टेकणाऱ्यांना मालकांनी हाकलून द्यावं असं शिवी हासडून सांगितलं. त्याच रविवारी दोनशेहून अधिक खेळाडू बसले किंवा गुडघ्यावर आले.

इथे माझा इंजिनिअर स्वभाव जागा होतो. मी विचारतो, नियम कुठला मोडला? एनएफएलच्या तेव्हाच्या नियमपुस्तिकेत, राष्ट्रगीताच्या वेळी खेळाडूंनी मैदानावर हजर असलंच पाहिजे यासाठी ‘मस्ट’ हा शब्द होता, आणि उभं राहण्यासाठी ‘शुड’. आमच्या धंद्यात या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. ‘मस्ट’ म्हणजे सक्ती, ‘शुड’ म्हणजे शिफारस. लीगनेही तेव्हा सांगितलं की उभं राहण्याची अपेक्षा आहे, सक्ती नाही. म्हणजे त्याने नियम मोडलाच नव्हता. पण त्याला वाचवणारा नियमही नव्हता. अमेरिकेची राज्यघटना अभिव्यक्तीचं रक्षण करते ते सरकारपासून. खासगी मालकापुढे तिचा हात तोकडा पडतो. केपर्निकने मालकांनी संगनमत केल्याची तक्रार केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ती गुप्त तडजोडीत मिटली. निकाल आलाच नाही, त्यामुळे पुढच्या खेळाडूला हाताशी धरता येईल असा एक कागदही मागे राहिला नाही.

याच्या शेजारी दुसरी घटना ठेवतो. २९ सप्टेंबर २०१४, कॅन्सस सिटी चीफ्स विरुद्ध न्यू इंग्लंड पेट्रियट्स. चीफ्सच्या हुसेन अब्दुल्लाहने टॉम ब्रेडीचा पास मध्येच पकडला, थेट टचडाउन केलं, गुडघ्यांवर घसरत गेला आणि मैदानावरच सजदा केला. हा तोच खेळाडू, ज्याने २०१२ चा हंगाम सोडून भावासोबत हज केला होता. पंचांनी संघाला १५ यार्डांचा दंड ठोकला, जमिनीवर बसून जल्लोष केल्याबद्दल. दुसऱ्याच दिवशी लीगने जाहीर केलं की दंड चुकीचा होता. कारण धार्मिक भावनेतून जमिनीवर टेकणाऱ्याला दंड करू नये, अशी सूचना पंचांसाठी आधीपासून होती.

दोघंही गुडघ्यांवर आले. एकाची बाजू चोवीस तासांत मान्य झाली, दुसऱ्याची कारकीर्द संपली. दोघांच्या कृतींत फरक आहे, हे मला कळतं. इबादतीने कुणाच्या सत्तेला प्रश्न विचारला जात नाही, निषेधाने विचारला जातो. तरीही अब्दुल्लाहला जे मिळालं ते कुणाच्या मेहेरबानीने मिळालं नाही. ते आधीच ठरवून ठेवलेलं होतं.

मेहेरबानीचं काय होतं, तेही एनएफएलमध्येच दिसलं. जॅक्सनव्हिल जॅग्वार्सचे मालक शाहिद खान लाहोरमध्ये जन्मलेले. सोळाव्या वर्षी अमेरिकेत आले, तासाला सव्वा डॉलरच्या आसपास मजुरीवर भांडी घासली, इंजिनिअर झाले आणि अल्पसंख्याक समाजातले एनएफएलचे पहिले संघमालक ठरले. ट्रम्प यांच्या शपथविधी सोहळ्याला त्यांनी १० लाख डॉलर दिले होते. तरी सप्टेंबर २०१७ मध्ये लंडनच्या वेम्बलीवर ते खेळाडूंच्या हातात हात अडकवून उभे राहिले. मला ते आवडलं. पण आठच महिन्यांनी, मे २०१८ मध्ये, मालकांच्या बैठकीने नियम केला की मैदानावर असाल तर उभंच राहायचं. ‘शुड’चं ‘मस्ट’ झालं. तो नियम अडवला तो खेळाडूंच्या युनियनने. युनियनने तक्रार दाखल केली आणि जुलैमध्ये त्याची अंमलबजावणी थांबली. ‘वर आपला माणूस आहे’ म्हणून निश्चिंत होणाऱ्यांनी हा क्रम नीट वाचावा.

जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर, जून २०२० मध्ये, कमिशनर रॉजर गुडेल यांनी खेळाडूंचं आधी ऐकलं नाही ही चूक झाली असं मान्य केलं. केपर्निकचं नाव घेतलं नाही. मग मैदानाच्या टोकांना ‘वंशभेद संपवा’ अशा अर्थाची घोषणा रंगवली गेली. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलला ती तिथे नव्हती, तिच्या जागी ‘प्रेम निवडा’ आलं. नुकत्याच घडलेल्या दुर्घटना पाहता हा संदेश योग्य आहे, असं लीगने सांगितलं. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प प्रेक्षकांत होते. कारण काहीही असो, गवतावरचा रंग पुसायला कुणाची परवानगी लागत नाही, एवढं मला दिसलं.

आपल्या तरुणांना हे का सांगतोय? आपल्याकडे क्रिकेटचा सामना असला की आपल्या टाळ्या मोजल्या जातात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. अशा वेळी आपण रागावतो किंवा स्वतःला सिद्ध करायला धावतो. तिसरा रस्ता केरळच्या तीन शाळकरी भावंडांनी दाखवला. ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण आपल्या ख्रिस्ती पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत. शाळेने काढून टाकलं. १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. राष्ट्रगीत गायलाच हवं असं कोणताही कायदा सांगत नाही, हे न्यायालयाने तपासून पाहिलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, त्याच पंथाच्या मुलांना झेंडावंदनाच्या सक्तीतून सोडवलं होतं. त्या निकालाचाही आपल्या न्यायालयाने विचार केला. त्या मुलांकडे वजनदार ओळख नव्हती, पण न्यायालयात वाचून दाखवता येईल अशी राज्यघटना होती.

माझ्या एका जुन्या नोकरीत मॅनेजर जुम्म्याच्या नमाजला तासभर सहज सोडायचे. भला माणूस. ते बदलून गेले आणि नव्या साहेबांनी पहिल्याच शुक्रवारी विचारलं, ‘ही सवलत कुणी दिली?’ आमच्याकडे दाखवायला एक ईमेलही नव्हता. मग आम्ही चौघांनी अर्ज केला, एचआरकडून लेखी उत्तर घेतलं. ती वेळ अजून टीमच्या कॅलेंडरमध्ये आहे, आणि आता तिथे कुठला मॅनेजर आहे याने फरक पडत नाही.

म्हणून कॉलेज असो, कंपनी असो की सोसायटी, गोड बोलणाऱ्या साहेबाचे आभार जरूर माना, आणि त्याच बैठकीत विचारा: हे लिहून कधी मिळेल?