शिवजन्माची तारीख आणि सांगणाऱ्याची जबाबदारी

१/ फेब्रुवारी उजाडला की इतिहासप्रेमींच्या गटांत एक प्रश्न हमखास येतो : शिवाजी महाराजांची जन्मतारीख नेमकी कोणती? उत्तरे क्षणार्धात मिळतात, आधार मात्र क्वचितच. या तारखेचा इतिहास पाहिला, तर जाणकाराने आपले ज्ञान कसे सांगावे, याचाही बोध होतो.

२/ विसाव्या शतकाच्या आरंभी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे ६ एप्रिल १६२७, ही तिथी रूढ होती. तिचा आधार प्रामुख्याने उत्तरकालीन बखरींचा; आणि बखरींतील तिथी तर परस्परांशीही जुळत नव्हत्या. १९०० साली लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’त या प्रश्नाची छाननी केली. उपलब्ध साधनांवरून निश्चित निर्णय देता येत नाही, असा त्या विवेचनाचा रोख होता.

३/ शिवजयंती उत्सवाला सार्वजनिक रूप देण्यात टिळकांचाच पुढाकार होता. त्यांनी एखादी तारीख ठामपणे जाहीर केली असती, तर ती निमूट स्वीकारणारे असंख्य लोक होते. ज्याचा शब्द चालतो, त्याने अनिश्चिततेला अनिश्चितता म्हणणे हे विशेष मोलाचे असते.

४/ पुढे कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यातील शकावली टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत प्रसिद्ध झाली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार अशी नोंद होती. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. मूळ साधनच छापले गेल्यामुळे ते तपासण्याचा अधिकार प्रत्येक अभ्यासकाला मिळाला.

५/ एका शकावलीवर विसंबणे पुरेसे नव्हते. परमानंदांच्या समकालीन ‘शिवभारत’ काव्यात हीच तिथी आढळली. १९२७ मध्ये ते प्रकाशित झाले. राजस्थानात मिळालेल्या जन्मकुंडलीनेही तिला दुजोरा दिला. तरीही वाद अनेक दशके चालला. १९ फेब्रुवारी ही तारीख शासनाने स्वीकारली, ती एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर.

६/ आता समजा, गटातील एखादा नवखा वाचक लिहितो : “दिनदर्शिकेत १९ फेब्रुवारी १६३० रोजी मंगळवार दिसतो, मग शुक्रवार कसा?” त्याची खिल्ली उडवणे सोपे आहे. परंतु ग्रेगोरियन मोजणी मागे नेली, तर त्या दिवशी खरोखरच मंगळवार येतो. मराठेशाहीचे अभ्यासक त्या काळासाठी सामान्यतः ज्युलियन गणना वापरतात आणि सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचे अंतर आहे. ज्युलियन १९ फेब्रुवारी म्हणजे ग्रेगोरियन १ मार्च. आणि तो शुक्रवारच.

७/ म्हणजे प्रश्न रास्त होता, फक्त एक दुवा निसटला होता. “आधी अभ्यास करा” असे उत्तर मिळालेला तरुण पुन्हा विचारणार नाही. दुवा दाखवणारे उत्तर मिळालेला तरुण पुढची तारीख स्वतः पडताळून पाहील. गटाचे भवितव्य या दोन उत्तरांतील फरकावर ठरते.

८/ यावर आक्षेप येतो की, इतके जपून बोलल्यास अपप्रचार करणाऱ्यांचेच फावते. ते बेधडक बोलतात आणि लोक त्यांचे ऐकतात. आक्षेपात तथ्य आहे. मात्र नम्रता म्हणजे गुळमुळीतपणा नाही. “१९ फेब्रुवारी १६३० हीच तारीख आज सर्वाधिक सबळ आहे, आधार जेधे शकावली आणि शिवभारत” हे विधान पुरेसे ठाम आहे. ते खोडायचे, तर प्रतिपक्षालाही साधन पुढे करावे लागते.

९/ म्हणून उत्तर देणाऱ्याने तीन गोष्टी सांगाव्यात : माहिती कोणत्या साधनातून आली, ते साधन घटनेच्या किती जवळचे आहे आणि कोणता पुरावा मिळाल्यास मत बदलावे लागेल. पदवी किंवा अनुयायांची संख्या यांपैकी कशाचीही जागा घेऊ शकत नाही.