बरोबरीचा निकाल



मागें एका गांवीं शालेय कबड्डीच्या स्पर्धेंत मी पंच होतों. साखळी फेरीअखेर दोन संघांचे विजय सारखे झाले आणि गुणही सारखे. अशा प्रसंगीं काय करावें, हें आम्हीं वडील माणसांनीं आधीं ठरविलेंच नव्हतें. अखेर घाईनें चिठ्ठी उचलली. बाहेर पडलेल्या संघाचा नायक मला इतकेंच म्हणाला, "गुरुजी, आम्ही हरलों कोणाकडून?" माझ्यापाशीं उत्तर नव्हतें.

बरोबरी फोडणें अन्यायाचें नाहीं. ती कशी फोडावयाची हें आधीं न सांगणें अन्यायाचें आहे. कबड्डीच्या बाद सामन्यांत गुण सारखे राहिले तर प्रत्येक संघास पांच चढाया मिळतात, हें पोलादपुराकडील मुलांस सांगावयास नको. रणजी करंडकाच्या बाद फेरींत सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावांत आघाडी घेणारा संघ पुढें जातो. फेब्रुवारी २०२५ मध्यें पुण्यास जम्मू-काश्मीरच्या २८० धावांपुढें केरळचे ९ गडी २०० धावांत बाद झाले होते. शेवटच्या जोडीनें ८१ धावा जोडल्या आणि केवळ एका धावेच्या आघाडीवर केरळ पुढें गेला. उपांत्य सामन्यांत गुजरातवर त्याची आघाडी दोन धावांची होती. पुढें नागपुरास अंतिम सामन्यांत विदर्भानें ३७ धावांची आघाडी घेतली व करंडक जिंकला. ज्या नियमानें दोनदां तारलें, त्यानेंच शेवटीं हरविलें; पण तो नियम सर्वांस ठाऊक होता.

अमेरिकेंतील बेसबॉलमध्यें प्रत्येक संघ हंगामांत १६२ सामने खेळतो. पूर्वी बरोबरी झाल्यास प्रसंगीं एक जादा सामना होई. २०२२ पासून तो बंद झाला; आतां त्या दोन संघांमधील आपसांतील सामने प्रथम पाहतात. २०२५ मध्यें सिनसिनाटी आणि न्यूयॉर्क मेट्स यांचे प्रत्येकीं ८३ विजय होते. आपसांतील सहांपैकीं चार सामने सिनसिनाटीनें जिंकले होते, म्हणून तोच पुढें गेला.

कोणी म्हणेल, जादा सामनाच उत्तम. वेळ असेल तर खराच. पण आपसांतील सामन्यांचा नियम आधीं ठाऊक असला, म्हणजे हंगामाच्या आरंभींचा सामनाही कोणी हलक्या हातानें खेळत नाहीं.

मात्र नियम आधीं लिहिला एवढ्यानेंच भागत नाहीं. २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत जादा षटकानंतरही बरोबरी राहिली, तेव्हां अधिक चौकार-षटकार मारले म्हणून इंग्लंड विजयी ठरला. नियम लेखी होता, तरी न्यूझीलंडची हार लोकांच्या मनास पटली नाहीं. त्याच वर्षीं तो नियम बदलावा लागला. सारांश, कसोटी आधीं जाहीर असावी आणि ती खेळाच्या गाभ्यांतली असावी.

आपल्या शाळेनें यंदा सामन्यांच्या पूर्वदिवशींच बरोबरीचा नियम फळ्यावर लिहावा, अशी माझी सूचना आहे. आणि पालकहो, नियमानें मागें राहिलेलें मूल घरीं आलें तर त्यास एवढें अवश्य सांगा कीं, तूं बरोबरीस पोंचला होतास. त्या नायकास मीं हें सांगावयास हवें होतें.