उमेदवारी कोणाच्या हाती?

निवडणूक जाहीर झाली की चिखली, मेहकर, खामगाव येथील इच्छुकांची पावले मतदारांच्या दाराकडे वळण्यापूर्वी मुंबईकडे वळतात. ज्याच्या हाती पक्षाचा ‘एबी फॉर्म’ पडतो तो उमेदवार ठरतो. वर्षानुवर्षे सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता पाहतच राहतो. मतदार मत देतो हे खरे. परंतु कोणाकोणांतून निवड करावयाची, हे त्याच्यासाठी इतरांनी आधीच ठरवून ठेवलेले असते.

२०२४ साली बुलढाणा जिल्ह्याने याचे दोन दाखले पाहिले. लोकसभेच्या निवडणुकीत शिवसेनेच्या दोन पक्षांचे उमेदवार समोरासमोर होते. प्रतापराव जाधव यांनी नरेंद्र खेडेकर यांचा सुमारे २९ हजार मतांनी पराभव केला. पण कोणत्याही पक्षाची उमेदवारी नसलेल्या रविकांत तुपकर यांनाही सुमारे अडीच लाख मते पडली. पक्षांची पसंती आणि लोकांची पसंती यांत केवढे अंतर पडू शकते, हे यावरून दिसते. पुढे विधानसभेत बुलढाण्याचा निकाल अवघ्या ८४१ मतांनी लागला. इतक्या अटीतटीच्या लढतीत उमेदवार कोण, हा प्रश्न गौण म्हणता येत नाही.

अमेरिकेतही एके काळी अध्यक्षपदाचे उमेदवार पक्षाच्या मुखंडांच्या बैठकीत ठरत. १९६८ साली व्हिएतनाम युद्धावरून देश पेटलेला असता, एकाही प्राथमिक निवडणुकीत न उतरलेल्या ह्युबर्ट हम्फ्री यांना डेमोक्रॅटिक पक्षाने शिकागो येथे उमेदवारी दिली. त्या संतापातून नियम बदलले आणि १९७२ पासून राज्याराज्यांतील प्राथमिक मतदानाला निर्णायक महत्त्व आले. ही पद्धत निर्दोष नव्हे. त्याच वर्षी असे निवडलेले मॅकगव्हर्न ५० पैकी ४९ राज्यांत हरले. पैशाचा पूर तर सर्वश्रुतच आहे. २०२४ साली बायडेन यांनी माघार घेतल्यावर प्रतिनिधींनीच कमला हॅरिस यांची निवड केली. तथापि सामान्य समर्थकाला उमेदवारीत वाटा असावा, हे तत्त्व तेथे रुजले आहे.

महाराष्ट्रातही हा प्रयोग होऊन गेला. २०१४ साली काँग्रेसने वर्धा व लातूर येथे लोकसभेचे उमेदवार अंतर्गत मतदानाने निवडले. वर्ध्यात तत्कालीन खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे आणि लातुरात दत्तात्रय बनसोडे निवडले गेले. दोघेही पुढे पराभूत झाले. त्या वर्षीच्या लाटेत हरले म्हणून पद्धतच चुकीची, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. खरी उणीव अशी की, मतदानाचा हक्क मुख्यतः पदाधिकाऱ्यांपुरताच होता. सामान्य सभासद बाहेरच राहिला.

कायदाही येथे मौन बाळगतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली नोंदणीसाठी पक्षाला लोकशाहीवरील निष्ठा घोषित करावी लागते. परंतु उमेदवार लोकशाही पद्धतीने निवडावा, असे बंधन नाही. पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने सक्तीची करावी, अशी शिफारस विधी आयोगाने १९९९ साली केली. तिची अंमलबजावणी झालेली नाही. त्यात १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने आमदार-खासदार पक्षादेशाशी बांधले गेले. उमेदवारी देणाराही श्रेष्ठी, आदेश देणाराही श्रेष्ठी! अशा स्थितीत प्रतिनिधीची नजर मतदाराऐवजी वरती लागून राहिली, तर नवल ते काय?

अमेरिकेची नक्कल करण्याचे कारण नाही. प्रत्येक पक्षाने तालुकावार सभासदांची यादी जाहीर करावी, किमान दोन वर्षे सभासद असलेल्यांचे गुप्त मतदान घ्यावे आणि त्यांचा कौल डावलावयाचा झाल्यास कारणे लेखी द्यावीत. एवढ्याने आरंभ होऊ शकेल. हे अशक्य आहे, असे पुढारी म्हणतील. परंतु मतदान केंद्रांवर पहाटेपासून राबणाऱ्या शिक्षकांना व कारकुनांना हे पटणार नाही. लक्षावधींचे मतदान जेथे बिनचूक पार पडते, तेथे तालुक्यातील काही हजार सभासदांचे मतदान घेणे अवघड नाही. प्रश्न आहे तो पुढाऱ्यांच्या इच्छेचा, आणि ती इच्छा उत्पन्न करणे सभासदांच्या आग्रहावाचून होणार नाही.